ख्रिस्तिनाचे ओठ, पाचवा प्रयत्न

जमले एकदाचे! तीन रविवार या ओठांनी खाल्ले.

सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन याने काढलेल्या, डेन्मार्कची राजकन्या ख्रिस्तिना हिच्या चित्राची नक्कल करतेय मी. माझी प्रत मूळ चित्राच्या निम्मी, म्हणजे उंची साधारण 90 सेंटिमीटर. त्यात तोंड जेमतेम दोन सेंटिमीटरचं. माझा घोळ झाला हटनच्या पत्रामुळे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या या दूताने 1537 च्या डिसेंबरात ब्रसेल्सहून कळवलं होतं, की ही हसली की गालांवर दोन खळ्या पडतात आणि हनुवटीवर एक. त्या खळ्या डोक्यात बसल्या आणि मी ओठांचे कोपरे केसभर वर नेले. मुलगी एकदम लाडिक दिसायला लागली. पुसलं. मग आठवलं, सोळा वर्षांची विधवा आहे ही, नवरा, मिलानचा ड्यूक, 1535 मध्येच गेला. म्हणून कोपरे खाली घेतले, तर रुसून बसली! चार वेळा टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं.

गुरुवारी रात्री कंटाळून झगा रंगवायला घेतला. 'चेहरा झाल्याशिवाय कपड्याला हात नाही' हा माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे, तो सोडला. (आयव्हरी ब्लॅकची स्वस्त ट्यूब वाळल्यावर राखाडी पडली. काळ्यात पैसे वाचवू नका.) त्या काळी कापडाला खोल काळा रंग चढवणं खर्चाचं काम होतं. अंगावर दागिना म्हणाल तर लाल खड्याची एकच अंगठी, पण काळं साटन आणि आतून डोकावणारी तपकिरी फर तिचं घराणं सांगतात. सुतकही तेच, श्रीमंतीही तीच.

टोपी आणि झगा काळा झाला आणि चेहरा उजळला! कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासशेजारी ओठाखालची सावली उगाच गडद भासत होती. मी सावलीचा राग कोपऱ्यांवर काढत होते. आता कोपरे सरळ ठेवले, रेघ मधे गडद, टोकांना कोरड्या ब्रशने विरवली. ना हसू, ना रुसवा.

होल्बाइनला तिचं रेखाटन करायला 12 मार्च 1538 रोजी तीनच तास मिळाले होते. चित्र हेन्रीला लग्नासाठी मुलगी पसंत करता यावी म्हणून काढलेलं, पण बघायला येणाऱ्याकडे रोखून बघते ती हीच.

उद्या हात आणि हातमोजे घेणार होते. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, गालाची कड चित्रातल्या मागच्या भिंतीला लागते आणि भिंत अजून पांढरीच आहे. म्हणजे आधी ती निळसर हिरवी भिंत. अंगठीचा खडा अगदी शेवटी.