सुटलो, पण नोंद तशीच राहिली

२०१७ च्या मे महिन्यात ठाण्यात आमच्या चाळीत पाण्यावरून हाणामारी झाली. कोणीतरी लोखंडी पाइप मारला. मी सोडवायला गेलो आणि एफआयआरमध्ये माझंही नाव लागलं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ (घातक हत्याराने दुखापत) आणि ३४ (मिळून केलेला गुन्हा), म्हणजे तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पुढची पाच वर्षं तारखा. मी वायरमन, रोजावर काम करणारा. तारीख म्हणजे खाडा. मधे मस्कतला जायची संधी आली होती. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात कळलं, की केस कोर्टात चालू असली तर कोर्टाची परवानगी लागते, आणि त्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. १९९३ पासूनचा नियम आहे. परवानगी मिळेपर्यंत ते काम दुसऱ्याला गेलं.

२०२२ ला निर्दोष सुटलो. कोर्ट नाक्यावरून आईला फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना.

गेल्या वर्षी एका कंपनीत मेंटेनन्सचं काम ठरलं. त्यांनी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. अर्जात प्रश्न होता: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? सगळे म्हणाले, ‘नाही’ टाक, सुटलायस ना! वकीलबाईंनी मात्र बजावलं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्यातला निकाल त्यांनी मला समजावला. गुन्हा किरकोळ असला तरी तो लपवणं नोकरीवर येऊ शकतं. खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, पण निदान खोटेपणाचा ठपका बसत नाही. मी ‘होय’ लिहिलं. हात थरथरत होता.

पोलीस ठाण्यात संगणकावर माझ्या नावापुढे अजून ‘न्यायप्रविष्ट’ होतं. निकाल तिथपर्यंत पोचलाच नव्हता. तीन वर्षं मी स्वतःला मोकळा समजत होतो आणि तिथे मी आरोपीच होतो. याचा मला आजही राग येतो.

मग कोर्टाच्या नकला विभागात अर्ज केला. केस नंबर, निकालाची तारीख, कोर्ट फीचा स्टॅम्प. काही दिवसांनी अकरा पानांची प्रमाणित नक्कल मिळाली. प्रत्येक पानावर शिक्का, आणि शेवटच्या पानावर ती ओळ: आरोपी क्रमांक ३ याची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. तिथेच बाकावर बसून मी ती चार वेळा वाचली. कोणी सुटलं असेल तर त्याने ही नक्कल त्याच आठवड्यात काढावी, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी सगळी पानं वाचली. “आधीच आणायचं ना, दादा,” म्हणाल्या आणि नोंद बदलायला घेतली. पंधरा दिवसांत दाखला आला, कामावर रुजू झालो. नक्कल आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. बायकोलाही जागा दाखवून ठेवलीय.