डाळ शिजेना म्हणून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी बॉयलर सांभाळतो. ड्यूटीवर गेलं की चहाच्या आधी सॉफ्टनरचं (पाण्यातला जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) पाणी तपासायचं, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. बाटलीत पाणी घ्यायचं, बफरचे दोन थेंब टाकायचे, चिमूटभर ईबीटी, म्हणजे रंग दाखवणारी पूड, टाकायची. पाणी जांभळट लाल झालं की समजायचं, यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. मग ईडीटीए, म्हणजे हे क्षार बांधून ठेवणारं रसायन, थेंबाथेंबाने सोडत राहायचं, निळं होईपर्यंत. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. बॉयलरला पाच पीपीएमच्या (लिटरला पाच मिलिग्रॅमच्या) वर चालत नाही. नळ्यांना आतून क्षार धरला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, इंधन जास्त जळतं, आणि एक दिवस नळी फुटते.

एवढं करून घरी यायचो आणि गिझर दर वर्षी बदलायचो. बॉयलर अटेंडंटच्या घरचा गिझर! बायको हे वाक्य नातेवाइकांसमोर मुद्दाम म्हणते.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मागच्या उन्हाळ्यात तिची तक्रार सुरू झाली की तूरडाळ शिजत नाही. मी दुकानदाराला दोष दिला, मग कुकरच्या रिंगला. नवी रिंग आणली. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली दाण्या-दाण्याने वेगळी. शेवटी ती म्हणाली, "अहो, पाणी बघा ना. तुमच्या त्या बाटलीत."

कंपनीतून किट आणायला लाज वाटली, म्हणून स्वतःचं विकत घेतलं. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेतलं आणि थेंब मोजत गेलो. निळं व्हायचं नावच घेईना. हिशेब केला, तीनशेच्या वर. शुक्रवारी हेच पाणी जेमतेम सत्तर भरलं. नळ तोच, टाकी तीच.

उत्तर खाली वॉचमनकडे मिळालं. महापालिकेचं पाणी कमी पडलं की तो बोअरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत. "सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलंय, काका."

आमच्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रातून शुद्ध होऊन येतं, बाकी बऱ्याच नाशकाला गंगापूर धरणाचं. दोन्हीकडचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. ते वरच्या वर वाहून धरणात येतं, दगडाशी त्याची फार ओळख होत नाही, म्हणून ते हलकं. बोअरचं तसं नाही. ते काळ्या कातळाच्या भेगांमधून मुरत मुरत खाली जातं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. शाळेत याला 'दुष्फेन' म्हणायचे, म्हणजे फेस न येणारं. साबण त्या क्षारांशी भांडण्यातच संपतो आणि बादलीवर पांढरट साय येते. डाळीचंही तेच: दाण्यातलं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं, मग वाजवा शिट्ट्या. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर शिजते, पण चव जाते, असं घरातलं मत.

त्याच आठवड्यात प्युरिफायर विकणारा एक मुलगा दारात आला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारं पेनासारखं मीटर नळाच्या पाण्यात बुडवलं. "टीडीएस चारशे! काका, तुम्ही हे पिता?" मग त्याने दोन ग्लास ठेवले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, आणि वायर जोडलेल्या सळ्या दोन्हीत सोडल्या. मिनिटाभरात आमचं पाणी गढूळ तपकिरी झालं. त्याचं स्वच्छच्या स्वच्छ. सासूबाई "अरे देवा" म्हणाल्या.

मी उठून त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. "आता लाव." ते आमच्याहूनही घाण झालं. तो गाळ पाण्यातला नव्हताच, त्या लोखंडी सळ्यांचा गंज होता. क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं, एवढाच खेळ. मुलगा हसला, पाणी प्यायला (नळाचंच) आणि गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला टार्गेट असणार.

पण टीडीएसची भीती लोकांच्या मनात पक्की बसली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि जडपणाची २००. दुसरा स्रोतच नसेल तर जडपणा ६०० पर्यंत चालवून घेतात. पाचशेच्या आत टीडीएस असेल तर आरओ (क्षार गाळून काढणारा प्युरिफायर) नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. आणि त्या पेनला जंतू दिसत नाहीत. पावसाळ्यात पाइप फुटून त्यात गटाराचं पाणी शिरलं तरी मीटर कदाचित दीडशेच दाखवेल. तेव्हा बघायचं ते क्लोरीन, आणि शंका आली तर पाणी उकळायचं. जड पाणी पिऊन माझं काही बिघडणार नव्हतं. बिघडत होता तो गिझर.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ईडीटीएचे सारखेच थेंब टाकलेल्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, बोअरच्या पाण्याची लाल, महापालिकेच्या पाण्याची निळी. आकडे कोणी ऐकले नाहीत, रंग सगळ्यांनी बघितले. बोअरची वेगळी टाकी आणि संडास-बागेसाठी वेगळी लाइन, असा ठराव झाला. प्लंबरचा खर्च निघाला तेव्हा निम्म्या लोकांना एकाएकी जड पाणी गोड लागायला लागलं. ठराव अजून फाइलमध्ये आहे. तोवर एवढंच ठरलं, की बोअर सोडलं की ग्रुपवर मेसेज टाकायचा.

परवा शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं. रविवारी सकाळी बायको हात धुताना म्हणाली, "बोअर सोडलंय." ग्रुपवर काहीच नव्हतं. मी किट काढलं, थेंब मोजले. तीनशे दहा. सेक्रेटरीचा मेसेज दुपारी अडीचला आला.