तुम्ही विचारलंत म्हणून: तलवारी खऱ्या असतात का?

आमच्या तलवारबाजीचा खेळ संपला की कुणीतरी पुढे येऊन पात्यावर अंगठा फिरवतंच. मग विचारतं, "ताई, खऱ्या आहेत का हो?" आणि त्याला जोडूनच, "मग एवढ्या घेऊन फिरता, रस्त्यात पोलीस धरत नाहीत?" दमणच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांच्या महोत्सवात खेळ करून आल्यापासून तर इथे बडोद्यात मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत भेटेल तो हेच विचारतो. म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

पोलाद खरं, धार नाही. भिंतीवर टांगायच्या किंवा नवरदेवाच्या हातात द्यायच्या तलवारी आम्ही घेत नाही. त्या झगझगीत असतात, पण पात्याचं शेपूट मुठीत जेमतेम दोन बोटं गेलेलं असतं आणि तिथेच कसंबसं झाळलेलं. चार वार झेलले की पातं मुठीतून निसटून पहिल्या रांगेत. आमचा लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून पाती काढतो. ते पोलाद वाकतं आणि परत सरळ होतं. शेपूट मुठीच्या पार तळापर्यंत नेऊन खाली ठोकून बसवायचं, कड रुपयाच्या नाण्याइतकी जाड ठेवायची, टोक गोल घासायचं.

हे ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो. बोथट म्हणजे खेळणं, असं त्यांना वाटतं. पण सकाळी बोथट असलेली तलवार संध्याकाळी बोथट असेलच असं नाही. पात्यावर पातं आपटलं की कडेला बारीक दाते पडतात आणि दात्याची कड बाहेर वळते. लांबून काही दिसत नाही. चुकून हातावरून गेली तर धारदार पातं कापतं, हे फाडतं. म्हणून दर खेळानंतर जुन्या सुती धोतराचा बोळा पात्यावरून वरखाली ओढायचा. जिथे धागा अडकेल तिथे कानस मारायची, मग बारीक पॉलिश पेपर, मग शिलाई मशीनचं तेल. दमणला तेलाचा हात जरा कमी पडला तर खाऱ्या हवेने एका रात्रीत पात्यावर तांबूस साय धरली. आमच्यात नवीन आलेल्या पोराला आधी कानस मिळते, तलवार नंतर.

आता पोलिसांचं. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या यादीत धरलंय. घरकामाची, शेतीची हत्यारं वगळून. शिवाय गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहराशहरांत जाहीरनामे निघत असतात. तलवार, भाला, सुरा, कधी कधी साधी काठीसुद्धा घेऊन फिरायला मनाई, आणि मोडलात तर कलम १३५ खाली शिक्षा. रस्त्यावर उभा असलेला हवालदार काही कड मोजत बसणार नाही. त्यामुळे आधी पोलीस ठाण्यात अर्ज, आयोजकांचं निमंत्रण, प्रत्येक पात्याची लांबी लिहिलेली यादी, सगळ्यांची ओळखपत्रं, आणि तलवारी कुलपाच्या पेटीत, पेटी सीटखाली. जाताना कुणी विचारलंसुद्धा नाही. येताना मात्र दमणची हद्द ओलांडून गुजरातेत शिरताच गाडी बाजूला घ्यायला लावली. पेटी उघडली. वर तलवारी. त्या भल्या माणसाने एकेक तलवार उचलून बाजूला ठेवली, तळाशी हात घालून पाहिलं आणि विचारलं, "बाटली तर नाही ना?" कागदांची फाइल मी मांडीवर घेऊन बसले होते, ती कुणी पाहिलीच नाही. दारूबंदीच्या राज्यात प्रत्येकाची आपापली प्राथमिकता.

चाच्यांचा महोत्सव हे मुळात आपलं खूळ नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहरात १९०४ पासून होसे गॅस्पर नावाच्या चाच्याच्या नावाने जत्रा भरते, आणि हा गॅस्पर बहुधा कधी झालाच नाही. इंग्लंडात हेस्टिंग्जला २०१२ साली १४,२३१ माणसं चाच्यांचे कपडे घालून किनाऱ्यावर जमली आणि विक्रम झाला. तेच पाहून इथल्या आयोजकांना सुचलं. त्यांचा पहिला फोन आला तो असा: "तुम्ही मराठे, तर आंग्र्यांनाच चाचे करा की!"

भरूचला खारी शिंग घ्यायला थांबलो, ती संपेपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये याच्यावरच वाद. जुम्मादादा आणि माणिकराव या व्यायामगुरूंच्या बडोद्यातली पोरं ही. शिवजयंतीला पट्टा फिरवणारी. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, आरमार त्यांचं, त्यांच्या पाण्यातून जायचं तर त्यांचा परवाना लागायचा. इंग्रज हरले की समोरच्याला चाचा म्हणायचे. आणि हरले ते काही एकदा नाही: १७१८ साली खांदेरीला, १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला. मी आयोजकांना आधीच कळवलं होतं, आंग्रे चाचे होणार नाहीत. चाचेच हवेत ना, ते आपल्याकडे येऊन गेलेत. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं. बादशहाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं, एव्हरीच्या काही साथीदारांना लंडनला फाशी झाली, तो स्वतः मात्र कधीच सापडला नाही. हा खेळ ठरला. त्या जहाजावरच्या बायकांचं जे झालं ते आम्ही दाखवलं नाही. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेल्या लहान पोरांपुढे ते दाखवता येतही नाही. पण संहिता लिहिताना ते माझ्या समोर होतं आणि तेव्हापासून चाच्यांच्या गमतीजमती मला पुरत्या गोड लागत नाहीत.

खेळ बसवताना खरी पंचाईत झाली ती हत्यारांची. आमचा हात दांडपट्ट्यावर बसलेला. पट्ट्याला मोकळं रिंगण लागतं. मनगट खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या लोखंडी हातमोज्यासारख्या मुठीत बंद, सगळा फेर खांद्यातून. आयोजकांनी बांधलेलं जहाज चौदा-पंधरा फुटांचं, वर दोरखंडच दोरखंड. पट्टा काढला असता तर पहिल्या फेरीतच शीड खाली. चाच्यांच्या तलवारी आखूड आणि रुंद का असायच्या ते त्या फळ्यांवर उभं राहिल्यावर कळतं. मोगल शिपायांकडे आपली वाकडी तलवार दिली. तिच्या मुठीखालची वाटोळी चकती मनगटाला अडते, त्यामुळे वार कोपरातून ओढावा लागतो. चाच्यांचं मनगट मोकळं. दोघांचा ठेका जमेपर्यंत शिर, तमाचा, बाहेरा, कमर हे आमचे नेहमीचे वार पुन्हा काठीने, मोजून, संथ लयीत घोटावे लागले.

आणि ती डोळ्यावरची पट्टी! आयोजकांचा हट्ट, चाचा म्हणजे पट्टी हवीच. पण एक डोळा झाकला की अंतराचा अंदाज जातो, आणि आमचा सगळा धंदा अंतरावर चालतो. वार करणारा आधी समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. तिकडून नजर मिळाली तरच हात सुटतो. पातं अंगापासून वीतभर लांबून जातं, आणि जखम दाखवायचं काम ज्याला वार "लागतो" त्याचं. त्यात निम्मी नजर काढून घ्यायची म्हणजे काय! शेवटी माझ्या नणंदेने काळ्या जाळीच्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या. बाहेरून कुट्ट काळ्या, आतून सगळं दिसतं. तरी संध्याकाळी समोरचा फोकस डोळ्यांवर आला की जाळी पांढरी पडते, म्हणून लढाईच्या आधी पट्टी कपाळावर सरकवायची असं ठरवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मोगलांच्या बाजूने मी उतरले होते. माझ्या तलवारीपेक्षा पदर खोचण्याची चर्चा जास्त झाली, ते सोडा.

पुढच्या वर्षी त्यांना जहाजावर तोफ हवी आहे. गंज-ए-सवाईवरची एक तोफ बार काढताना फुटली होती आणि त्यात मोगलांचीच माणसं गेली, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग तेच दाखवा ना." लोहाराला विचारलंय. तो म्हणतो, तलवारीचं काम आणा, तोफेचं दुसरीकडे बघा.