नागपूर ते चिखलदरा, मागे कॅरव्हॅन

गाडी २.२ लिटरची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), मॅन्युअल गियरची. इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. मागे एका ॲक्सलची कॅरव्हॅन, सामानासकट १,१०० किलो. माणसं धरून सगळं मिळून ३,१०० किलो. अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, पण इंजिनाची खरी परीक्षा परतवाड्याच्या पुढच्या तीसेक किलोमीटरांतच.

निघण्याआधी वाडीला धर्मकाट्यावर वजन करून घ्या. अंदाज नेहमी कमीच निघतो. पाण्याची ४० लिटरची टाकी रिकामी ठेवली की ४० किलो तिथेच वाचतात; पाणी वर गेल्यावर भरा. हूकवर पडणारा भार कॅरव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के हवा, म्हणजे इथे ५५ ते ७७ किलो. घरातल्या वजनकाट्यावर हूकच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कॅरव्हॅनचा दांडा टेकवला की आकडा कळतो. हा भार कमी पडला की शेजारून ट्रक गेला रे गेला, कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सलरेटरवरून काढा.

अमरावतीपर्यंत चौपदरी रस्ता. सपाटीवर ८० च्या वेगाला चाकांपाशी ढोबळमानाने २१ किलोवॅट लागतात, १०० ला ३४. वाढीव ताकद जवळजवळ सगळी वारा कापण्यात जाते, कारण कॅरव्हॅन म्हणजे चालती भिंत. त्यामुळे ८० च्या वर जाण्यात फक्त डिझेल जळतं. मे महिन्यात निघणार असाल तर पहाटे पाचला निघा. दुपारच्या ४५ अंशांत आधीच तापलेल्या रेडिएटरला पुढे घाट चढायचा असतो.

परतवाडा साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १,११८ वर. सहा टक्के चढावर ४० च्या वेगाला २७ किलोवॅट लागतात. एवढी पॉवर कागदावर लहान पेट्रोल गाडीतही असते. प्रश्न ती किती फेऱ्यांवर मिळते हा आहे. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागलं की किलोवॅट येतात. १,५०० फेऱ्यांना हे डिझेल ५० देतं. टर्बो नसलेल्या पेट्रोलला तिथे ११५ न्यूटन-मीटर मिळाले तर १८ होतात, आणि गाडी दम टाकते. मग खालचा गियर, तीन-साडेतीन हजार फेऱ्या, इंजिनाचा आरडाओरडा. चढते, पण तापते. शिवाय १,१०० किलो ओढायची परवानगी अशा गाडीला बहुधा नसतेच. ओढण्याची मर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा, टॉर्क नंतर.

डिझेलमध्येही चूक होते ती इथेच. तिसऱ्यात ४० ला सुमारे १,७०० फेऱ्या मिळतात, छान. पुढे तीव्र वळण आलं, वेग २५ वर उतरला, की तिसऱ्यात फेऱ्या हजारच्या आसपास येतात. टर्बो झोपतो, इंजिन घरघरतं आणि लोक ॲक्सलरेटर दाबत बसतात. वळणाच्या आधीच दुसरा टाका. १५ च्या खाली जाणार असाल तर सरळ पहिला. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की दोन-तीन वळणांतच जळका वास येतो. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, क्लच पकडू द्या, मग हँडब्रेक सोडा. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच इंजिन चालू ठेवूनच थांबा.

उतरताना टॉर्क-पॉवरचे आकडे विसरा. साडेसातशे मीटर खाली येताना ३,१०० किलोची जवळपास सहा युनिट विजेइतकी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडायची असते. ज्या गियरमध्ये चढलात त्याच्यात, किंवा एक खालचा. बहुतेक ठिकाणी दुसरा. ब्रेक घट्ट दाबून वेग पाडा आणि पाय पूर्ण उचला. हलका पाय टेकवून ठेवला की लायनिंग तापून ब्रेक लागेनासा होतो. ढकल-ब्रेकच्या (गाडीला मागून ढकललं की आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या) कॅरव्हॅनचे ड्रम तर नुसत्या इंजिन ब्रेकिंगनेही घासत राहतात, कारण ती सतत पुढे ढकलत असते. म्हणून अर्ध्यावर दहा मिनिटं थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. खाली परतवाड्याला पोचल्यावर तळहात कॅरव्हॅनच्या चाकाच्या हबपासून (मधल्या भागापासून) चार बोटं लांब धरून दोन्ही बाजूंची धग ताडून बघा. एकीकडे जास्त असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. अमरावतीच्या हायवेला लागण्याआधी तिथल्याच गॅरेजमध्ये जॅक लावून चाक मोकळं फिरतं का ते बघून घ्या.