चुएकाची रात्र: माद्रिदमधील समलिंगी बार आणि त्यांनी घडवलेली वस्ती

माद्रिदमधील समलिंगी बार आणि तेथील रात्रीचे जीवन समजून घ्यायचे असेल, तर बार भरण्याच्या कितीतरी आधी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चुएका चौकात पोहोचावे, असे मी तिकडे जाणाऱ्या मित्रांना आवर्जून सांगतो. उन्हाळ्यात त्या वेळी तेथे लख्ख ऊन असते. मेट्रोच्या पाच क्रमांकाच्या मार्गावरील चुएका स्थानकाचा जिना चढून वर आले, की माणूस थेट चौकातच येतो. चौक तसा लहान आहे. भोवती जुन्या चार-पाच मजली इमारती, लोखंडी कठड्यांच्या अरुंद गॅलऱ्या, त्यांतल्या काहींवर इंद्रधनुषी झेंडे, तर काहींवर वाळत घातलेले कपडे. मुले चेंडू खेळत असतात, वयस्कर बायका बाकावर बसून गप्पा मारत असतात, आणि त्यांच्या शेजारच्याच टेबलाशी बसलेले दोन पुरुष एकमेकांचे चुंबन घेऊन पुन्हा आपल्या बोलण्याकडे वळतात. त्या बायकांचे बोलणे थांबत नाही आणि मुलांचा खेळही थांबत नाही.

मी आणि माझा जोडीदार, दोघेही पुण्याचे. आमच्या पिढीला असे काही जग आहे हे कळले, ते बंद दारांआड. मुंबईतील पार्टीचा पत्ता विश्वासातल्या माणसाकडून, बहुधा आयत्या वेळी मिळायचा. कुलाब्यातील व्हूडू या पबमधली शनिवारची रात्र आपल्या लोकांची, हे अनेक वर्षे तोंडोतोंडीच पसरलेले ज्ञान होते. त्या जागांनी आमच्यासारख्या असंख्य मुलांना जगवले आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. पण तेथून बाहेर पडताना प्रत्येकजण रस्त्यावर येण्याआधी क्षणभर थांबून चेहरा बदलत असे, हेही मला स्पष्ट आठवते. चुएकात मला सर्वांत जास्त जाणवले ते हे, की तेथे बारमधला चेहरा आणि रस्त्यावरचा चेहरा एकच असतो.

या चौकाला फेदेरिको चुएका या एकोणिसाव्या शतकातील संगीतकाराचे नाव आहे. त्याने सार्सुएला, म्हणजे आपल्या संगीत नाटकांसारखी गद्य संवाद आणि गाणी यांची गुंफण असलेली नाटके, संगीतबद्ध केली. चौकाच्या कोपऱ्यावर १९१७ पासून आंखेल सिएरा नावाचे मद्यालय आहे. नक्षीदार फरश्या, मद्य देण्याचे लाकडी काउंटर, छतापर्यंत रचलेल्या बाटल्या, आणि नळातून थेट ग्लासात पडणारे गडद तांबूस, किंचित गोड, किंचित कडवट वेरमुत, म्हणजे औषधी वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन. सोबत एखादे ऑलिव्ह. ही जागा समलिंगी बार म्हणून ओळखली जात नाही, तरीही चुएकातील रात्रीची सुरुवात येथूनच करावी असे माझे मत आहे, कारण येथे शेजारचा निवृत्त दुकानदार, पर्यटक, नोकरीवरून परतलेल्या मैत्रिणी आणि रात्रभर नाचायला निघालेली मुले एकाच काउंटरला टेकून उभी असतात.

तेथेच आम्हाला एक सत्तरीपलीकडचे गृहस्थ भेटले. माझ्या जोडीदाराच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशच्या आधाराने आमचे बोलणे बराच वेळ चालले. त्यांच्या तरुणपणी समलिंगी बारना पाटी नसे आणि खिडक्या आतून झाकलेल्या असत. दाराची घंटा वाजवायची, आतला माणूस झरोक्यातून पाहणार आणि चेहरा ओळखीचा वाटला तरच दार उघडणार, अशी रीत होती, असे त्यांनी सांगितले. घंटा वाजवून दार उघडेपर्यंतचा वेळ रस्त्यावर उभे राहून काढणे त्यांना सर्वांत कठीण वाटे.

या भीतीला कायद्याचा पूर्ण आधार होता. स्पेनमध्ये १९३३ साली भटके आणि गुंड यांच्याविरुद्ध झालेल्या कायद्यात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९५४ साली समलिंगी व्यक्तींची भर घातली. १९७० मध्ये त्याच्या जागी 'सामाजिक धोकादायकता आणि पुनर्वसन' असे नाव असलेला नवा कायदा आला, आणि त्यान्वये पकडलेल्या पुरुषांना उएल्बा आणि बादाखोथ येथील तुरुंगांत 'सुधारण्यासाठी' पाठवले जाऊ लागले. दक्षिण किनाऱ्यावरील तोर्रेमोलिनोस हे गाव परदेशी पर्यटकांमुळे थोडे मोकळे होते आणि तेथील पासाखे बेगोन्या या गल्लीत असे बार एकमेकांना लागून होते. २४ जून १९७१ च्या रात्री पोलिसांनी त्या गल्लीवर छापा घातला आणि शंभराहून अधिक लोकांना अटक केली. फ्रँको १९७५ साली वारला, पण तो कायदा त्याच्याबरोबर गेला नाही. समलिंगी संबंधांचा उल्लेख त्यातून काढण्याचा निर्णय झाला, तो २६ डिसेंबर १९७८ रोजी. राज्यघटना संमत झाल्यानंतरचे हे दिवस, आणि त्या गृहस्थांना ती तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ होती.

चुएका हीच वस्ती का, याचे उत्तर अगदी व्यवहारी आहे. १९८० च्या दशकात या भागाला लोक टाळत. हेरॉइनने येथल्या गल्ल्या पोखरल्या होत्या, दुकाने बंद पडली होती, घरे ओस पडत होती, आणि त्यामुळे भाडी कमी होती. हुकूमशाही संपल्यानंतर माद्रिदमध्ये संगीत, चित्रपट, वेशभूषा आणि रात्रीच्या भटकंतीची जी लाट आली, तिला 'मोविदा' म्हणतात. एन्रिके तिएर्नो गाल्व्हान हे वयोवृद्ध प्राध्यापक त्या काळात शहराचे महापौर होते. त्या मोकळ्या हवेत ज्यांच्याजवळ भांडवल थोडे आणि धैर्य अधिक होते, अशांनी चुएकात जागा घेतल्या. आउगुस्तो फिगेरोआ रस्त्यावरील काफे फिगेरोआ आणि ब्लॅक अँड व्हाइट हा नाचघर-बार ही त्या पहिल्या पिढीची नावे. १९९३ साली मिली एर्नांदेथ यांनी बेर्काना हे समलिंगी साहित्याचे पुस्तकांचे दुकान सुरू केले. या दुकानाचे महत्त्व मला कोणत्याही नाचघरापेक्षा कमी वाटत नाही. बारमध्ये शिरण्याचे धैर्य नसलेला माणूस दुपारी पुस्तके चाळण्याच्या निमित्ताने आत येऊ शकत होता. बारमालक, पुस्तकविक्रेते, केशकर्तनालयवाले आणि येथे राहायला आलेली जोडपी यांनी मिळून ज्या गल्ल्यांत दिवसाही लोक जायला भीत होते, त्या गल्ल्या राहण्याजोग्या केल्या.

चळवळीचे राजकारणही याच टेबलांवर शिजले. पेद्रो थेरोलो हे व्हेनेझुएलात जन्मलेले वकील, समलिंगी संघटनांचे नेते आणि पुढे माद्रिदचे समाजवादी नगरसेवक, हे या लढ्याचे सर्वपरिचित नाव. ३० जून २००५ रोजी स्पेनच्या संसदेने समलिंगी विवाहाचा कायदा १८७ विरुद्ध १४७ मतांनी संमत केला, आणि नेदरलँड्स व बेल्जियमनंतर असा हक्क देणारा तो तिसरा देश ठरला. थेरोलो २०१५ साली कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी चुएकातील एका मोठ्या चौकाला त्यांचे नाव मिळाले. आपल्याकडे कलम ३७७ चा जाच ६ सप्टेंबर २०१८ रोजी संपला आणि विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्या चौकातील नावाच्या पाटीखाली मी आणि माझा जोडीदार उभे असताना, ज्या देशात आम्ही पाहुणे आहोत तेथे आमच्यासारख्यांचे लग्न ही नगरपालिकेतील रोजची बाब आहे, ही जाणीव आनंदाची होती आणि तितकीच टोचणारीही होती.

आता प्रत्यक्ष रात्रीविषयी. माद्रिदचे घड्याळ समजून न घेतल्यास पाहुण्याची निराशा होते. जेवण रात्री साडेनऊ-दहाच्या आधी होत नाही. बार अकरानंतर हळूहळू भरतात, बारा-साडेबाराला दाटी होते, आणि नाचघरांत दीड-दोनच्या आधी गेल्यास रिकामी फरशी पाहावी लागते. मेट्रो मध्यरात्रीनंतर बंद होते आणि सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे तरुण मंडळींचा साधा हिशेब असा की एकतर शेवटच्या गाडीने परतायचे, नाहीतर पहिल्या गाडीपर्यंत नाचायचे. मधल्या वेळेसाठी सिबेलेस चौकातून रात्रीच्या बसगाड्या सुटतात. पहाटे बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळजण सान खिनेस या १८९४ पासूनच्या दुकानात दाट गरम चॉकलेटमध्ये चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, बुडवून खातात, आणि मग घरी जातात.

बारांचे स्वभाव निरनिराळे आहेत. पेलायो रस्त्यावरील एलएल बारमध्ये ड्रॅग कलावंतांचे कार्यक्रम होतात. छोटासा रंगमंच, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, आणि कलावंत जुन्या स्पॅनिश गाण्यांवर ओठ हलवता हलवता मध्येच थांबून समोरच्यांची फिरकी घेतात. विनोद आम्हाला अर्धेच कळत होते, पण पुरुषाने स्त्रीवेश घेऊन गाण्याची आणि लोकांना हसवण्याची परंपरा आपल्या तमाशातील नाच्यापासून बालगंधर्वांपर्यंत ज्याने ऐकली-पाहिली आहे, त्याला त्या कलेची मेहनत ओळखायला भाषा लागत नाही. सान बार्तोलोमे रस्त्यावरील व्हाय नॉट ही अरुंद जागा, जेथे १९८० च्या दशकातील स्पॅनिश पॉप गाणी सगळेजण एका सुरात म्हणतात. इन्फान्तास रस्त्यावरील हॉट हा धिप्पाड, दाढीवाल्या, मध्यमवयीन पुरुषांचा बार. तरुण आणि कसलेल्या शरीरांच्या गर्दीत ज्यांना आपण जुने झालो असे वाटते, त्यांना तेथे फार बरे वाटते, आणि आम्हालाही वाटले. काही बारांच्या तळघरात अंधाऱ्या खोल्या असतात व तेथे शरीरसंबंध होतात, हेही येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आत हाताने हळूच बाजूला सारणे म्हणजे नकार, आणि तो नकार लगेच मानला जातो.

या मोकळेपणामागे आरोग्याची गंभीर शिस्त आहे. एड्सच्या साथीने पश्चिम युरोपात ज्या देशांना सर्वाधिक झोडपले त्यांत स्पेन होता, आणि हेरॉइनच्या सुयांमुळे माद्रिदच्या अशा वस्त्यांनी ते दुःख दुहेरी भोगले. नोव्हेंबर २०१९ पासून एचआयव्हीपासून बचाव करणाऱ्या प्रेप गोळ्यांचा खर्च तेथील सार्वजनिक आरोग्य व्यवस्था करते.

सगळेच गोड आहे असे मात्र मी लिहिणार नाही. स्त्रियांसाठीचे बार पुरुषांच्या मानाने फारच थोडे आहेत आणि ही उणीव माझ्या जोडीदाराच्या मैत्रिणीने, जी तेथे शिकते, आम्हाला दाखवून दिली. ज्या स्वस्त भाड्यांमुळे ही वस्ती उभी राहिली, ती भाडी आता सामान्य पगारात परवडत नाहीत. घरे पर्यटकांना रात्रीच्या बोलीवर दिली जातात, आणि विद्यार्थी, कलावंत, स्थलांतरित मंडळी माद्रिदच्याच लाव्हापिएस किंवा त्याहून दूरच्या भागांकडे सरकली आहेत. आवाजावरून रहिवाशांचे वाद जुने आहेत. प्राइड या समलिंगी समुदायाच्या वार्षिक उत्सवाच्या दिवसांत चौकातील कार्यक्रम एकदा प्रेक्षकांना हेडफोन देऊन करावा लागला होता. त्याच उत्सवात पेलायो रस्त्यावर उंच टाचांच्या बुटांची शर्यत होते आणि जुलैच्या आरंभी आतोचाहून कोलोन चौकाकडे प्रचंड मोर्चा निघतो. आणि सुरक्षिततेविषयी बोलायचे, तर जुलै २०२१ मध्ये अ कोरुन्या शहरात एका नाइटक्लबबाहेर समलिंगी तरुणाचा मारहाणीत खून झाला आणि देशभर हजारो लोक रस्त्यावर उतरले. कायदा झाला म्हणून द्वेष संपत नाही, पण त्या रात्री लोकांना जमायला त्यांचे चौक होते.

वेरमुतच्या काउंटरशी भेटलेले ते गृहस्थ चुएकात राहत नाहीत. निवृत्तिवेतनात ते शक्य नाही. लाव्हापिएसमध्ये '२६ डिसेंबर' हेच नाव घेतलेली, वृद्ध समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींसाठी काम करणारी संस्था २०१० पासून आहे, आणि तेथील जेवणे, गप्पा व सहली हे आता त्यांचे खरे सामाजिक जीवन आहे. मध्यरात्रीनंतरच्या चुएकाची त्यांना ओढ नाही. त्यांनी आम्हाला रविवार सोडू नका असे सांगितले: सकाळी रास्त्रोचा जुना बाजार फिरायचा, आणि दुपारी त्याच उतारावरून ला लातिना भागातील गच्च भरलेल्या मद्यालयांत शिरायचे, जेथे शनिवारी रात्री नाचलेली आणि न नाचलेली सगळी समलिंगी मंडळी ग्लास हातात घेऊन फुटपाथपर्यंत उभी असतात. आम्ही त्यांचे ऐकले. माद्रिदमध्ये एकच दिवस हाताशी असणाऱ्याने शनिवारची रात्र सोडून रविवारची ती दुपार निवडली, तरी माझ्या मते त्याचे काहीही चुकणार नाही.