गॅदरिंगमधला बिनसेलचा रेडिओ

संक्रांत उलटली, शेतात हुरड्याच्या आगट्या पेटल्या की परभणी जिल्ह्यातल्या सेलू भागातल्या आमच्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. नाच, नाटुकली, बक्षीसवाटप रात्री. सकाळी विज्ञान प्रदर्शन, आणि त्यात हापशाकडच्या खोलीतलं रेडिओचं टेबल. गावातली म्हातारी मंडळी रात्री जागायची नाहीत, पण सकाळी हमखास यायची ती या टेबलासाठी. इअरफोन कानात घालायचा, आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरचं भजन ऐकायचं आणि मग वाकून टेबलाखाली पाहायचं. "सेल कुठं बसवलाय रे बाळा?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. सेल नसायचाच. चाळीस किलोमीटरवरच्या मनोऱ्यातून निघालेली लहर एरियलच्या तारेत जी चिमूटभर वीज उठवायची, तिच्यावरच तो आवाज चालायचा.

हा संच बनवायची कृती एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे हातोहात जायची. पाच सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, त्यावर २८ गेजची इनॅमलची तांब्याची तार, एकाला एक चिकटून ६० वेढे. दहा मीटर तार पुरते आणि कॉइल साधारण १९० मायक्रोहेन्रीची होते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग, म्हणजे फिरवून स्टेशन लावायचा कपॅसिटर, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक जर्मेनियम डायोड, क्रिस्टलचा इअरफोन आणि त्याला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर पोरं हमखास विसरायची. क्रिस्टलच्या इअरफोनमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, जात नाही. डायोडने पुढे ढकललेला विद्युतभार परतायला वाट नसली तर आवाज दबतो आणि फाटतो.

परभणी १३०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे तरंगलांबी २३० मीटर. या कॉइलसोबत तिथं पोचायला गँग जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो, जेमतेम ८० पिकोफॅरड. खरी गोम इथंच होती. लिंबाच्या झाडापासून शाळेच्या गच्चीपर्यंत २० मीटरची तार ताणली की ती तार स्वतःच जमिनीशी मिळून शंभराच्या वर पिकोफॅरडचा कपॅसिटर होते. ती थेट कॉइलच्या टोकाला जोडली की गँग कितीही उघडा, परभणी लागतच नाही. मुलं डायोड बदलायची, इअरफोन बदलायची, आणि दोष मात्र सगळ्यात उंच टांगलेला असायचा. उपाय सोपा: कॉइलच्या अर्थिंगकडच्या टोकापासून पंधराव्या वेढ्यावर एक टाका, म्हणजे तारेचा फाटा, काढून ठेवायचा आणि एरियल तिथं लावायचं. चौथ्या हिश्शावर जोडलेल्या तारेचा भार कॉइलला सोळाव्या हिश्शाइतकाच जाणवतो. टाका काढायचा राहून गेला असेल तर एरियलच्या वाटेत ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर घातला तरी भागतं.

अर्थिंगसाठी हापसा. आपली काळी माती ओली असते तोवर वीज छान वाहून नेते, पण गॅदरिंगपर्यंत वरचा थर सुकून भेगाळलेला असायचा. दोन फुटांची सळई ठोकून मीठपाणी ओतलं तरी दुपारपर्यंत आवाज बसायचा. हापशाचा लोखंडी केसिंग पाइप खोल ओलीपर्यंत गेलेला. कानशीनं गंज खरवडून त्यावर तार पट्टीनं आवळली की आवाज लगेच उघडायचा.

बाकीचे बिघाड नेहमीचे. तारेच्या टोकाचं इनॅमल खरवडलेलं नसायचं. जर्मेनियमच्या जागी दुकानदारानं सिलिकॉनचा डायोड दिलेला असायचा, आणि तो पाऊण व्होल्टच्या आसपास जागा होतो. एवढा व्होल्टेज इथं कुठून येणार? कुणी मोबाइलचा इअरफोन लावायचं. तो ३२ ओहमचा, सगळा सूर तिथंच गिळून टाकायचा. आणि एक बिघाड तर बिघाडच नव्हता: केंद्राची सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संपली की दुपारच्या सभेपर्यंत सगळे संच मुके. म्हणून सभांच्या वेळा फळ्यावर लिहून ठेवायचा नियम झाला. लोडशेडिंगची मात्र या टेबलाला भीती नव्हती. उलट लाइट गेली की शेजारच्या ट्रान्झिस्टर रेडिओमधली ट्यूबलाइटची घरघर थांबायची आणि दोन्हीकडचं भजन स्वच्छ व्हायचं.

त्याच ट्रान्झिस्टरनं मनोरा शोधायचा खेळ आमच्या सगळ्यांच्या विशेष आवडीचा. आतली एरियलचं काम करणारी फेराइटची दांडी मनोऱ्याच्या दिशेला टोक करून आली की आवाज जवळजवळ बुडतो. मोठ्या आवाजाची जागा पसरट असते, बुडण्याची जागा नेमकी, म्हणून खूण बुडण्यावरच करायची. मैदानात खडूनं रेघ मारायची, होकायंत्रानं कोन घ्यायचा आणि जिल्ह्याच्या नकाशावर उतरवायचा. एका जागेवरून नुसती दिशा कळते. जागा कळायला दुसरी रेघ हवी. ती बाहेरगावच्या पाहुण्यांकडून मागवायचो, आणि तिथं भूगोल आडवा यायचा. पूर्णा आणि सेलू परभणीच्या दोन बाजूंना, एकाच रेल्वेमार्गावर. दोघांच्या रेघा एकमेकींवर जवळजवळ पडायच्या आणि दोन-तीन अंशांच्या चुकीनं मनोरा कितीतरी किलोमीटर सरकायचा. जिंतूर आणि गंगाखेडचंही तसंच, एक उत्तरेला तर एक दक्षिणेला. सेलूची एक आणि गंगाखेडची एक अशी जोडी घेतली तेव्हा रेघा परभणीवर नीट आडव्या-उभ्या कापल्या. पत्र्याच्या शेडजवळ किंवा विजेच्या तारांखाली घेतलेला कोन धरायचा नाही, हेही तिथंच कळलं.

रात्रीच्या नाटकातही रेडिओ असायचा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा तारेशिवाय वाजवली होती, तो प्रवेश मुलं करायची, आणि घंटा खरोखर लहरींवर वाजवायची. बोसांच्या लहरी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड, आमच्या लांबलचक आणि ओबडधोबड, पण लहरच. बॉलपेनच्या पारदर्शक नळीत दोन्ही बाजूंनी स्क्रू, मध्ये दोन मिलिमीटर फट, फटीत लोखंडाचा ताजा कीस. दोन सेल, २२० ओहम, लाल एलईडी. स्क्रूंना फूटभर तारा. शेजारी गॅसचा लायटर खटकन दाबला की ठिणगीच्या लहरीनं कीस एकमेकाला धरतो आणि एलईडी लागतो. नळीवर टिचकी मारली की विझतो. कीस दाबून भरला तर एलईडी आधीच लागलेला, फार सैल असला तर लागतच नाही, गंजका असला तर सगळंच व्यर्थ. नाटकासाठी एलईडीच्या जागी ट्रान्झिस्टरचा सुटा पुर्जा आणि रिले, म्हणजे विजेनं चालणारं बटण, बसवून घंटा जोडायची. एका वर्षी घंटा वाजायला लागली ती थांबेचना. घंटेच्या स्वतःच्या संपर्कावरची ठिणगीच किसाला पुन्हा जागं करत होती. त्या संपर्कावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आडवा लावला आणि नळी घंटेच्या पाटीवरच बांधली, म्हणजे तिच्याच हादऱ्यानं कीस सुटेल. तेव्हापासून घंटा शहाण्यासारखी वाजली. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यानं लहर पकडण्याचं पेटंटही बोसांचंच, १९०४ सालचं. आमच्या टेबलावरचा जर्मेनियम डायोड त्याच कुळातला, हे नाटकाच्या शेवटी एक मुलगी पुढे येऊन सांगायची.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची सहल. नारायणगावजवळच्या तिथल्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे स्टीलच्या बारीक तारेची जाळी. मुलांना पहिल्यांदा पटायचं नाही. जाळीतून तर वारा जातो, मग लहर कशी अडते? भोक तरंगलांबीच्या मानानं बारीक असलं की लहरीला ती जाळी आरशासारखीच. तिथली भोकं एक-दोन सेंटीमीटरची. ही दुर्बीण ऐकते त्यातली सर्वांत आखूड लहर हायड्रोजनची, २१ सेंटीमीटरची. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, आणि एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून स्वतःच्या संचावरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचंही एक टेबल प्रदर्शनात आलं. तिकडं फोन बंद पडलेले असताना त्यांनी निरोप पोचवले होते. बारा वर्षं पूर्ण झालेल्याला त्या परवान्याची परीक्षा देता येते, हे ऐकून सातवीची पोरं तिथंच घुटमळायची.

एरियल दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवायचं, मुद्दामच. दिवसा आकाशातला जो खालचा थर मध्यम लहरी गिळतो तो सूर्य मावळला की विरतो, आणि त्याच्या वरच्या थरावरून लहरी परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. बक्षीसवाटप संपलं, मंडप रिकामा झाला की मोठी मुलं ट्रान्झिस्टरभोवती त्या तारेचे चार वेढे देऊन बसायची. दुपारी जिथं नुसती खरखर होती तिथं आता कन्नड, तेलुगू, गुजराती, मध्येच न कळणारी एखादी भाषा, वर येऊन पुन्हा बुडणारी. कोणतं स्टेशन कोणत्या आकड्यावर लागलं ते वहीत लिहायचं काम एकाकडे, आणि वही भरेपर्यंत शिपाईमामा खोलीला कुलूप लावत नसत.