गोरेवाड्याच्या काठाने

आज सकाळी गोरेवाडा तलावाजवळच्या जंगलात थोडे अंतर सायकलने आणि उरलेले पायी फिरलो. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी १९१२ मध्ये बांधलेला हा तलाव, पेंच प्रकल्पाचे पाणी नवेगाव खैरीहून येऊ लागल्यानंतरही, नागपूरच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेला आहे. साग-पळसाची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, पालापाचोळ्याचा थर पावसाचे पाणी जमिनीत मुरवतो आणि तलावात गाळ कमी उतरतो. म्हणून हे जंगल मला जलशुद्धीकरण केंद्राइतकेच मोलाचे वाटते. सायकलने अंतर भराभर कापले जाते, परंतु पाणपक्षी न्याहाळायचे असतील तर पायीच चालावे. येत्या रविवारी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जाणार आहे. सोबत येणाऱ्यांनी अवश्य कळवावे.